मोठे चाक : बैलगाडीला सोयीचे, जीपला खर्चाचे



उसाचे बिल बँकेत जमा झाले की घरोघरी खर्चाच्या गोष्टी निघतात. विहिरीची मोटार, पाइपलाइन, मुलांची फी, आणि अलीकडे त्यात आणखी एक भर पडली आहे : जीपला मोठी चाके. गाडी उंच दिसते, खड्डे कमी लागतात, रुबाब वाढतो, असे तरुण मंडळी सांगतात. यात खरे किती, आणि चाक बदलल्यावर इंजिन, ब्रेक व डिझेल यांच्यावर काय परिणाम होतो, याची माहिती येथे देत आहोत.

बैलगाडी आणि मोटार यांतील फरक

"मोठं चाक हलकं चालतं" हे आपल्या वाडवडिलांचे म्हणणे खोटे नव्हते. बैल जू ओढतात, ती ओढ आसावर येते आणि चाक नुसते गडगडत जाते. लहान चाक खड्ड्यात बसते, मोठे चाक दगडावरून चढून जाते. म्हणून गाडीला मोठे चाक सोयीचे.

मोटारीचे तसे नाही. तेथे इंजिन चाकालाच पीळ देऊन फिरवते. विहिरीवरचा हाताने फिरवायचा रहाट आठवा. दोर गुंडाळायचा रूळ बारीक असेल तर भरलेली घागर सहज वर येते, वेळ मात्र जास्त लागतो. तोच रूळ जाड केला तर एका फेऱ्यात दोर जास्त गुंडाळला जातो, पण दांडा फिरवताना खांदे भरून येतात. मोटारीचे चाक म्हणजे हा रूळ. चाक मोठे केले की इंजिनाची ताकद तीच राहते, पण रस्त्यावर मिळणारा जोर कमी होतो.

मग ट्रॅक्टरचे मागचे चाक एवढे मोठे कसे, असे कोणी विचारील. मऊ रानात पकड मिळावी म्हणून ते मोठे असते, आणि त्या मापाला जमेल असे दातचक्र कारखान्यातच बसवलेले असते. जीपचे गिअर जीपच्या मूळ चाकाचा हिशेब धरून केलेले असतात.

आकड्यांत पाहू

आपल्याकडे बोलेरो पुष्कळ आहेत. तिच्या टायरवर २१५/७५ आर १५ असे माप असते. २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ७५ म्हणजे रुंदीच्या शेकडा ७५ इतकी टायरची उंची, आणि १५ म्हणजे आतल्या डिस्कचा व्यास इंचात. या हिशेबाने पूर्ण चाकाचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी २३५/७५ आर १५ घातला तर व्यास सुमारे ७३३ होतो, म्हणजे शेकडा ४ हून थोडा जास्त.

पहिले चाक एका किलोमीटरला सुमारे ४५२ फेरे घेते, दुसरे ४३४. मीटर मात्र जुन्याच मापाने फेरे मोजतो. त्यामुळे काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८३ च्या पुढे पळत असते.

ॲव्हरेज काढतानाही हीच गफलत होते. समजा, ३० लिटर डिझेलमध्ये मीटरवर ४२० किलोमीटर पडले. हिशेब १४ चा निघाला. पण गाडी प्रत्यक्षात ४३८ किलोमीटर चालली, म्हणजे खरे ॲव्हरेज १४.६. पूर्वी १५ मिळत असेल तर घट आहे, पण मीटर दाखवतो तेवढी नाही.

वजनाचा आणि रुंदीचा भार

मोठे चाक बहुधा जडही असते. प्रत्येक चाक ५ किलोने जड झाले तर चार चाकांचे २० किलो वाढतात. चाकाला पुढेही जायचे असते आणि गरगर फिरायचेही असते, म्हणून वेग घेताना हे वजन जास्तीत जास्त दुप्पट, म्हणजे ४० किलोसारखे वागते. साखरेच्या ५० किलोच्या पोत्यापेक्षा हे कमीच आहे. मात्र हे ओझे पाट्याच्या खाली असते. खड्ड्यात आदळलेले जड चाक पाट्याला सहज आवरत नाही, आणि बेअरिंग व जॉइंट लवकर ढिले होतात.

रुंद टायरचा रस्त्याशी रोध साधारणपणे जास्त असतो. हा रोध शेकडा १० ने वाढला की डिझेल शेकडा १ ते २ जास्त लागते. २०१० साली अमेरिकेतील 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाने एकाच फोक्सवॅगन गोल्फ गाडीला १५ इंचापासून १९ इंचापर्यंतच्या डिस्क लावून पाहिल्या. १५ वरून १९ वर जाताना इंधनाचे ॲव्हरेज सुमारे शेकडा १० ने घसरले.

आपल्या हिशेबात सांगायचे तर, १५ चे ॲव्हरेज देणारी जीप वर्षाला १५,००० किलोमीटर चालली तर १,००० लिटर लागतात. ॲव्हरेज १४.६ झाले तर २७ लिटर जादा, आणि शेकडा १० ने घसरून १३.५ झाले तर १११ लिटर जादा. ९० रुपये भाव धरला तर हे वर्षाचे अडीच हजारांपासून दहा हजारांपर्यंत जातात. चाकांची किंमत वेगळीच.

घाटात काय होते?

सपाट सडकेवर एका वेगाने जाताना हा फरक फारसा जाणवत नाही. कांद्याच्या गोण्या भरून किंवा घरची माणसे घेऊन कासारी घाट चढताना तो कळतो. पूर्वी जेथे गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढत होती तेथे दुसरा टाकावा लागतो, आणि क्लच लवकर झिजतो. उतरताना तर अधिक जपावे लागते. ब्रेकचा पीळ तोच, चाक मात्र मोठे, म्हणून पायाखाली तेवढाच दाब देऊन गाडी पूर्वीच्या जागी थांबत नाही. डिझेलचा खर्च भरून काढता येतो. घाटात चुकलेला ब्रेक भरून काढता येत नाही.

कायद्याची बाजूही लक्षात असू द्यावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ बाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निकाल दिला आहे. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. अपघात झाल्यास विमा कंपनीही यावर बोट ठेवू शकते.

सभासदांनी काय करावे?

१) टायर बदलताना गाडीच्या पुस्तकात दिलेले माप आणि भारक्षमता पाहूनच घ्यावा.
२) मॅगव्हील हवीच असतील तर मूळ मापाची घ्यावीत. दुकानात जुनी डिस्क व नवी डिस्क दोन्ही वजनकाट्यावर ठेवून पाहावीत. मॅगव्हील नेहमी हलकेच असते, हा समज बरोबर नाही.
३) मोठी चाके आधीच बसवली असतील तर मीटरमधील फरक काढून ठेवावा, ओझे कमी भरावे, आणि उतारावर पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवावे.
४) दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना हवा तपासावी. कमी हवेचा टायर डिझेल खातो आणि कडेने झिजतो. हे काम जवळजवळ फुकटात होते.

घरातील तरुण मुलांना हा हिशेब समजावून सांगावा, आणि बिलाचे पैसे चाकात घालण्यापूर्वी एकदा वही-पेन्सिल घेऊन बसावे, ही सर्व सभासदांना विनंती.