ठराव, पावती, दोन सह्या

सकाळी ९.४०. पुण्याच्या नारायण पेठेतल्या एका इमारतीचा पहिला मजला. काका कुलूप काढतात, खिडकी उघडतात, टेबलावरून फडकं फिरवतात. शिपाई नाही, त्यामुळे झाडूही तेच मारतात. खोली दहा बाय बारा. एक लोखंडी कपाट, कॉम्प्युटर, खुरडत चालणारा प्रिंटर, सहा खुर्च्या. भिंतीवर ट्रस्ट काढणाऱ्या आजोबांचा फोटो आणि शेजारी काचेत नोंदणीचा दाखला. दाखल्यावरचा नंबर 'ई'चा. धर्मादाय आयुक्तांच्या दफ्तरी धर्मादाय न्यास 'ई' रजिस्टरला आणि सोसायट्या 'एफ'ला. मदत मागणाऱ्या अर्जावरचा नंबर पाहिला की काकांना समोरचा कोण ते निम्मं कळतं.

काका सहकारी बँकेतून निवृत्त झालेले. इथे ट्रस्टचं कामकाज बघतात, मानधन महिना १४,०००. ट्रस्ट एका कुटुंबाचा. आजोबांचं कापडाचं दुकान १२ जुलै १९६१ला पानशेतच्या पुरात गेलं. गाठी चिखलात. त्या दिवसांत कुणी काय दिलं, याची यादी आजोबांनी एका वहीत लिहून ठेवली होती. कुणी घोंगडी, कुणी पन्नास रुपये, कुणी आठवडाभर जेवण. पुढे धंदा सावरला, मग एक प्लॉट विकला, त्या पैशातून ट्रस्ट. ती वही कपाटात आहे. मी मागितली तर काकांनी आधी हात धुवायला लावले.

१०.१५. लक्ष्मी रोडवरची बँक. ट्रस्टच्या ठेवी एकूण दोन कोटींच्या आसपास, त्यातल्या पंचवीस लाखांच्या पावतीची मुदत आज भरतेय. मागच्या वेळी दर सात टक्के होता, आज पाऊण टक्का... नाही, पाव टक्का कमी. काका स्वतःच्या कानाला दुरुस्त करतात आणि फॉर्म भरतात. ज्येष्ठ नागरिकांचा वाढीव अर्धा टक्का ट्रस्टला मिळत नाही. ट्रस्ट कितीही म्हातारा झाला तरी. पाव टक्का म्हणजे वर्षाला ६,२५० रुपये. काका तो आकडा पावतीच्या झेरॉक्सवर पेन्सिलीने लिहितात आणि पुढे दोन शब्द: 'एक स्वयंपाकीण'. महिन्याचा पगार, असं त्यांना म्हणायचंय. झेरॉक्सचे चार रुपये किरकोळीत.

११.३०. अर्ज. बावीस फायली, लाल नाडीत. आज संध्याकाळच्या बैठकीला त्यातल्या चार जायच्या.

काका फाईल मागून उघडतात. पुढची पानं फोटोंची असतात, हसणारी मुलं, हार, पाहुणे. मागे ताळेबंद असतो. आधी बघायची हातातली रोकड. ३१ मार्चला लहान संस्थेकडे दीड लाख रोख दिसली की काका चष्मा काढून पुसतात. मग विश्वस्तांना दिलेली कर्जं. मग गाडी आहे का, आणि असेल तर डिझेल किती. मग पगार. पगाराच्या ओळीत शून्य असेल तर शाबासकी द्यायची नाही, विचारायचं. काम कुणी केलं मग?

त्यानंतर कॉम्प्युटरवर नोंदण्या तपासायच्या. आयकराची बारा ए, जी पुढे बारा एबी झाली. ऐंशी जी. दर्पण पोर्टलचा नंबर. मुदत कधी संपते. आज तिसऱ्याच फायलीला अडलं. कोकणातलं एक मंडळ. २०२१च्या जुलैत चिपळूणला पाणी चढलं तेव्हापासून ही पोरं दर पावसाळ्यात होड्या, दोर, औषधं तयार ठेवतात. मागणी साठ हजारांची, लाइफ जॅकेट आणि एक जनरेटर. हिशेब आरशासारखा स्वच्छ. सोसायटी नोंदलेली आहे, पण आयकराकडे नोंदणी नाही. म्हणजे या मंडळाला दिलेला पैसा ट्रस्टच्या हिशेबात खर्च धरला जाणार नाही.

हा हिशेब काका मला कागदावर मांडून दाखवतात, कारण वर्षभराची कसरत त्यातच आहे. व्याजाचं उत्पन्न चौदा लाख. त्यातले पंच्याऐंशी टक्के, म्हणजे अकरा लाख नव्वद हजार, करमाफीसाठी त्या वर्षात कामावर खर्च झाले पाहिजेत. पण १ एप्रिल २०२३पासून दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला दिलेला रुपया पंच्याऐंशी पैसेच मोजतात. अकरा लाख वीस हजार वाटले, मोजले गेले नऊ लाख बावन्न. ऑफिसखर्च दोन लाख चाळीस, त्यात काकांचं मानधन, ऑडिटरची फी, वीज, पोस्ट, प्रवास. बेरीज अकरा लाख ब्याण्णव. दोन हजारांनी सुटलो, म्हणतात काका. चहाचे कप मोजावे लागतात ते उगाच नाही.

मंडळाच्या पोराला ते लगेच फोन लावतात. "बाळा, आधी आयकराची नोंदणी कर. ऑनलाइन होते. कुठे अडलं तर मला फोन कर, वकिलाला पैसे देऊ नकोस." पलीकडून काहीतरी लांबलचक येतं. "अरे, जॅकेटं चांगलीच आहेत. नाही म्हणत नाहीये. पुढच्या जूनच्या आत कर एवढंच."

१२.४५. बीडच्या ताईंचा फोन. दिवाळी होऊन गेली, साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले, गावं रिकामी होतायत. मुकादमाची उचल घेतलेले ऊसतोडीचे कोयते निघाले. एक कोयता म्हणजे एक जोडपं. मुलं बरोबर गेली की शाळा सुटली, ती मार्च-एप्रिलपर्यंत. ताई ज्यांना ठेवून घेतात ती चाळीस मुलं, पाच महिने. अर्ज दोन लाखांचा. दोन स्वयंपाकिणी, सहा हजारांप्रमाणे पाच महिने, साठ हजार. धान्य, डाळ, तेल, भाजी, एक लाख पंधरा. गॅस पंचवीस हजार.

"गॅस पंचवीस कसा, ताई?"

"काका, घरगुती सिलिंडर वापरला तर उद्या कुणीतरी तक्रार करतं. मोठा निळा घेते. अठराशेच्या घरात पडतो. महिन्याला तीन."

"मग पंधरा होतात. सत्तावीस हजार."

"दोन हजारांची लाकडं धरलीत. गावातलीच."

काका लाकडं लिहून घेतात. ज्वारी गावातून येणार आहे का, विचारतात. येईल, ताई म्हणतात, पण किती ते खळ्यावर कळेल.

१.३०. डबा. पोळी, मेथीची भाजी, लोणच्याची फोड. जेवताना मेल. घरातला एक भाचा न्यूजर्सीला असतो, त्याला आजोबांच्या नावाने पाच हजार डॉलर पाठवायचेत. काका डाव्या हाताने एका बोटाने टाईप करतात: पासपोर्ट कोणता? भारताचा असेल तर त्याचे पैसे देशी, परदेशात राहत असला तरी. गेल्या वर्षी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर तो कायद्याला परका, आणि परदेशी देणगी घ्यायला एफसीआरएची नोंदणी लागते, ती या ट्रस्टकडे नाही. उत्तर लगेच येतं: निळा पासपोर्ट. काका हसतात. दोन्ही निळेच असतात.

२.३०. स्टेशनच्या बाजूला, सरकारी रुग्णालयाजवळचं एक स्वयंपाकघर. रिक्षाचे पैसे काका स्वतः देतात. ट्रस्टकडून घ्यायचे तर पावती लागते आणि रिक्षावाल्याकडे ती नसते. इथे रुग्णांच्या नातेवाइकांना रोज संध्याकाळी जेवण मिळतं. साधारण दीडशे माणसं, सोलापूर, नगर, धाराशिवकडून आलेली, रात्री व्हरांड्यात झोपणारी. पोळी, भाजी, वरणभात. नाव विचारत नाहीत, कार्ड विचारत नाहीत. फळ्यावर खडूने लिहिलंय: आजचे अन्नदाते, आणि कुणाच्या तरी वडिलांच्या स्मरणार्थ.

दोन मावश्या पोळ्या लाटतायत. रोज सोळा किलो कणीक. किलोला पन्नास रुपये. म्हणजे दोघींत आठशे. एक लाटते, दुसरी भाजते, तासाने अदलाबदल, कारण तव्यापाशी कोपर दुखतं की लाटताना खांदा, यावर दोघींचं एकमत नाही. ट्रस्टने गेल्या वर्षी कणीक मळायचं मशीन दिलं. ते कोपऱ्यात आहे, वर कापड.

"चालत नाही का?"

"चालतंय की," मावशी म्हणतात. "पण घट्ट मळतं. परातीत पुन्हा तेल लावून हातानं मळावीच लागते. मग धुवायचं कोण ते?"

काका कापड उचलतात, आत हात घालून बघतात. पात्याला वाळलेली कणीक नाही, म्हणजे बरेच दिवस वापर नाही. डायरीत लिहितात. रागावत नाहीत. कंपनीचा माणूस येऊन पाण्याचं प्रमाण दाखवून गेला होता का, एवढंच विचारतात. नव्हता.

संस्थेच्या बाईंचा प्रश्न वेगळा. पितृपक्षात देणगीदारांची रांग लागते, तारखा पुरत नाहीत. दिवाळीनंतर फळा कोरा राहतो. गेल्या वर्षी डिसेंबरात नऊ दिवस कुणाचंच नाव नव्हतं आणि मावश्यांचे पैसे बाईंनी घरून दिले. त्यांना वस्तू नको. डिसेंबर आणि जानेवारीचे पोळ्यांचे पैसे हवेत. आठशे गुणिले बासष्ट, एकोणपन्नास हजार सहाशे. निघताना काका एक पोळी खाऊन बघतात. पडताळणी अहवालात हा रकाना नसतो.

५.००. बैठक. पाच विश्वस्तांपैकी चार आले, गणपूर्ती झाली. माई, वय ऐंशीच्या पुढे, अध्यक्ष. त्यांचे भाऊ आप्पा. एक सून. घराच्या ओळखीतले एक सीए. बटाटेवडे आणि चहा माईंच्या घरून. बैठकीच्या खाण्याला ट्रस्टचा पैसा लावायचा नाही, हा आजोबांचा नियम. वडे म्हणून इथे कधी कमी पडत नाहीत.

आप्पांना एका संस्थेला रुग्णवाहिका द्यायचीय. कुटुंबाचं नाव दोन्ही बाजूंनी, मोठं. काका दरपत्रक पुढे ठेवतात आणि विचारतात, "ड्रायव्हरचा पगार कोणी द्यायचा, आप्पा?" आप्पा म्हणतात, ती संस्था बघेल. सून म्हणते, संस्थेलाच तर तो जमत नाहीये. विषय पुढच्या बैठकीला. मला वाटतं तो तिथेही पुढेच जाईल, आणि आप्पांनाही ते ठाऊक असावं.

बीडवर वीस मिनिटं जातात. आप्पांचं म्हणणं, पगार आपण देत नाही, धान्य देऊ. जुना ठराव आहे तसा. काका फाईल न बघता सांगतात: धान्य द्यायला गाव पुढे येतं, सण आला की पोतं येतं. स्वयंपाकिणीला मात्र कुणी स्मरणार्थ पगार देत नाही. सीए ताळेबंद चाळतात, ठीक आहे म्हणतात. माई इतका वेळ गप्प होत्या. "चाळीस पोरांचं दोन वेळचं," त्या म्हणतात, "आणि सहा हजार? मी घरच्या बाईला जास्त देते." पगार मंजूर. गॅस मंजूर. धान्यातून पन्नास हजार कापले, ज्वारीच्या भरवशावर. दीड लाख. पोळ्यांचे एकोणपन्नास हजार सहाशे पूर्ण. मशीनचा माणूस बोलवायचा, खर्च काकांनी बघावा. चौथी फाईल शेवटच्या दहा मिनिटांत उरकते. डोळ्यांच्या शिबिराची, दरवर्षीचीच, पंचवीस हजार.

६.४०. बाकीचे गेले. माई आणि सीए थांबलेत, कारण चेकवर दोन सह्या लागतात. माईंचा हात थरथरतो. बँकेने मागे एकदा सही जुळत नाही म्हणून चेक परत पाठवला होता, म्हणून त्या आधी कोऱ्या कागदावर एकदा गिरवतात. काका इतिवृत्त लिहितात: ठराव, सूचक, अनुमोदक, सर्वानुमते. आप्पांचा विरोध नोंदवायचा का, विचारतात. माई म्हणतात, तोच अनुमोदक आहे, नीट बघ.

७.२०. काका बीडला फोन लावतात. रेंज येते-जाते.

"ताई, दीड लाख. दोन नाही झाले. पगार आणि गॅस पूर्ण धरलाय, कात्री धान्याला लागलीय... हो, ज्वारीचं तुम्ही बघा. चेक उद्या स्पीड पोस्टाने. आणि हे बघा, पावतीवर कॉर्पस लिहू नका. मागच्या वर्षी तुमच्या त्या मुलाने लिहिलं होतं. कॉर्पस लिहिलं की माझ्याकडे तो पैसा खर्चात धरत नाहीत. नुसतं 'देणगी' लिहा. दे-ण-गी. हो. आणि पॅन नंबर."