कोठा : बांधणी व संरक्षण

घरामागील मोकळ्या जागेत जनावरे, वैरण, धान्य, सरपण व शेतीची अवजारे ठेवण्यासाठी बांधलेली लहान इमारत. पश्चिम महाराष्ट्रात जनावरांच्या अशा निवाऱ्यास गोठा म्हणतात. विदर्भात कोठा हा शब्द रूढ आहे. गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्यासारख्या गावी शेतीचे व शहराचे जीवन एकमेकांत मिसळते. तेथे कोठ्याला एकीकडे चोरांपासून, तर दुसरीकडे कुत्री, उंदीर व साप यांपासून धोका असतो. जिल्ह्याच्या जंगलालगतच्या गावांत बिबट्याची भर पडते. एका रात्रीत शेळ्यांचा कळप किंवा बियाण्याचे धान गमावणे ही लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने वर्षभराची हानी होय.

सर्वसाधारण तत्त्व : कोठ्याची सुरक्षितता त्याच्या सर्वांत मजबूत भागावर नव्हे, तर सर्वांत दुबळ्या जागेवर अवलंबून असते. शूद्रकाच्या मृच्छकटिक या संस्कृत नाटकाच्या तिसऱ्या अंकात शर्विलक हा चोर भिंत फोडण्यापूर्वी तिची परीक्षा करतो. भाजलेल्या विटा, कच्च्या विटा, मातीचे गोळे व लाकूड यांसाठी त्याच्याजवळ निरनिराळ्या युक्त्या आहेत. परंतु तो निवडतो ती जागा रोज पाणी पडून क्षारामुळे झिजलेली व उंदरांनी माती उकरलेली असते. पाणी वाट करते, उंदीर ती रुंदावतो व चोर तिचा उपयोग करतो, हा क्रम आजही बदललेला नाही.

पाया, भिंती व छप्पर : गोंदिया जिल्ह्यात पाऊस भरपूर पडत असल्याने मातीच्या भिंतीचा तळ ओलाव्याने लवकर खचतो. त्यासाठी जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच ठेवतात, त्याचा भाग दगड किंवा भाजक्या विटांनी बांधतात आणि छपराची वळचण भिंतीच्या बरीच पुढे काढतात. कुत्र्यांनी व कोल्ह्यांनी खालून उकरू नये म्हणून भिंतीच्या कडेने दगडी फरशी बसवितात. बांबूचा कूड शेणमातीने लिंपलेला असला, तरी तो सहज कापता येतो. म्हणून मौल्यवान वस्तू ठेवावयाच्या कोठ्यास तो पुरेसा ठरत नाही. कवेलू हाताने सरकविता येत असल्यामुळे त्यांच्याखाली दाट लाकडी पट्ट्या किंवा लोखंडी जाळी घालणे श्रेयस्कर असते.

दार व कुलूप : चोर बहुधा कुलूप फोडीत नाही, तो कडीकोयंडा उपटतो. लहान स्क्रूंनी बसविलेला कोयंडा पहारीच्या एका हिसक्याने निघतो. त्याऐवजी फळीच्या आरपार जाणारे बोल्ट घालून आतील बाजूने नट आवळल्यास तो टिकतो. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूस असतील, तर त्यांच्या खिळी काढून दार उचलता येते. म्हणून त्या आत घ्याव्यात किंवा खिळीची टोके ठोकून पक्की करावीत. शिडी, पहार व कुऱ्हाड उघड्यावर ठेवल्यास चोराला आयतीच साधने मिळतात. मालमत्ता ठेवण्यासाठी वापरलेल्या इमारतीत गुन्ह्याच्या हेतूने शिरणे हे कायद्याने गृह-अतिक्रमण ठरते. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये याची तरतूद आहे. त्यामुळे घरापासून सुटा असलेला कोठाही कायद्याच्या संरक्षणात येतो.

उंदीर व साप : घरातील लहान उंदीर सु. ६ मिमी. फटीतूनही आत शिरू शकतो. दाराच्या खालच्या कडेस पत्र्याची पट्टी मारणे, झरोक्यांना बारीक जाळी लावणे व धान्याच्या कणगीचे पाय उंच ठेवून त्यांवर पत्र्याचे उलटे शंकू बसविणे, हे उपाय परिणामकारक असतात. मण्यार हा विषारी साप रात्री हिंडतो. नाग व घोणस हे उंदरांच्या मागावर कोठ्यात येतात. सांडलेले धान्य झाडून घेणे आणि सरपण व तणस यांचे ढीग भिंतीपासून दूर रचणे यांमुळे उंदीर कमी होतात व सापांचेही येणे घटते.

बिबट्या : नवेगाव व नागझिरा यांचा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये जाहीर झाला. त्याच्या परिसरातील गावांत बिबट्याचा वावर असतो. मात्र बिबट्या केवळ जंगलातच राहतो असे नाही. अकोले (अहिल्यानगर जिल्हा) येथील उसाच्या प्रदेशात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या भक्ष्याचा वजनाने सु. ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा आढळला. त्यांत कुत्र्यांचा वाटा सु. ३९ टक्के होता. गावातील उघडा उकिरडा कुत्र्यांना व कुत्री बिबट्यास आकर्षित करतात. तो उंच उडी मारतो व चढतोही. म्हणून कमरेइतके कुंपण निरुपयोगी ठरते. बंदिस्त जागेत शिरलेला बिबट्या एकाच वेळी अनेक शेळ्या मारू शकतो. यास्तव शेळ्यांचा कोठा चारही बाजूंनी व वरूनही बंद असावा लागतो. भिंत व छप्पर यांमधील हवेची फट जाळीने झाकावी लागते.

जनावर मारले गेल्यास त्याचे शव न हलविता ४८ तासांच्या आत वन विभागास कळवावे लागते. पंचनाम्यानंतर नुकसानभरपाई मिळते. बिबट्या आत अडकला असल्यास गर्दी न करता वन विभागाला बोलावणे हाच सुरक्षित मार्ग होय.

निषिद्ध उपाय : कुंपणात वीजवाहिनीचा प्रवाह थेट सोडणे हा गुन्हा असून त्याने वन्य प्राण्यांप्रमाणेच शेजारी, गुराखी व खुद्द घरमालकही दगावतात. बिबट्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये सर्वोच्च संरक्षण आहे. फासे लावणे व विष घालणे हेही निषिद्ध आहे.

निगा : पावसाळ्यापूर्वी व नंतर कोठ्याची पाहणी करणे आवश्यक असते. दिवसा दार लावून आत उभे राहिल्यास ज्या फटींतून उजेड दिसतो, त्या जागा प्रथम बुजवाव्यात. मात्र हवेचे झरोके बंद न करता त्यांना जाळी लावावी, अन्यथा कोंदटपणामुळे जनावरे आजारी पडतात व धान्यास बुरशी लागते.