‘बॉर्डरवर आहे’ म्हणजे नेमके काय?

गेल्या महिन्यात माझ्या मुलुंडच्या दवाखान्यात एक गृहस्थ आले. वय बावन्न, भांडुपच्या एका कारखान्यात सुपरवायझर. तळपायांची आग होते, रात्री झोप लागत नाही, अशी तक्रार. रक्त तपासले तेव्हा उपाशीपोटीची साखर २१४ निघाली. पुन्हा तपासली, तेवढीच आली. त्यांना मधुमेह झाल्याचे मी सांगितले, तेव्हा त्यांनी पिशवीतून एक जुनी फाईल काढली आणि त्यातला एक कागद माझ्यापुढे ठेवला. कंपनीच्या वार्षिक तपासणीचा, सहा वर्षांपूर्वीचा रिपोर्ट. उपाशीपोटी साखर ११६. आणि समासात माझ्याच अक्षरात लिहिलेले : ‘गोड कमी, चालणे.’

“डॉक्टर, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, बॉर्डरवर आहे, घाबरायचे कारण नाही,” ते म्हणाले.

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण खरे सांगायचे तर मला उत्तर सुचले नाही. मी दिलेला सल्ला चुकीचा नव्हता. पण पुन्हा केव्हा तपासायचे, ती तारीख मी लिहिली नव्हती. त्यांनी रिपोर्ट कपाटात ठेवला, मीही विसरलो, आणि सहा वर्षे निघून गेली.

असा एखादा रिपोर्ट आपल्याही घरी कपाटात असेल, किंवा अंधेरी-बोरिवलीला नोकरी करणाऱ्या आपल्या मुलाच्या, भावाच्या फाईलमध्ये असेल. म्हणून आज या विषयावर थोडे सविस्तर लिहितो.

आकडे काय सांगतात?

रात्रभर किमान आठ तास काही न खाता सकाळी शिरेतून घेतलेल्या रक्तातील साखर १०० मिलिग्रॅमच्या आत असेल तर ती ठीक. १२६ किंवा त्याहून जास्त असेल तर मधुमेह. मधली १०० ते १२५ ही बॉर्डर, म्हणजेच मधुमेहपूर्व अवस्था. (जागतिक आरोग्य संघटना ही मधली पायरी ११० पासून धरते, म्हणून काही प्रयोगशाळांच्या कागदावर ११० पर्यंत ‘नॉर्मल’ छापलेले असते.) पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पिऊन दोन तासांनी घेतलेली साखर १४० च्या आत ठीक, १४० ते १९९ बॉर्डर, २०० पासून पुढे मधुमेह. तिसरी तपासणी ‘एचबीएवनसी’, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेचा सरासरी अंदाज. ती ५.७ च्या आत ठीक, ५.७ ते ६.४ बॉर्डर, ६.५ पासून मधुमेह.

आपण बॉर्डर म्हणतो तेव्हा मनात ‘अजून पलीकडे गेलो नाही’ असा दिलासा असतो. पण ११६ हा नॉर्मल आकडा नव्हे. तो पुढच्या तपासणीची तारीख मागणारा आकडा आहे.

अशी माणसे किती? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक बॉर्डरवर आहेत. मुंबई महापालिकेच्या २०२१ च्या पाहणीत तर सुमारे १८ टक्के प्रौढांची साखर मधुमेहाच्या पातळीवर आढळली.

तक्रार नाही, मग आजार कसला?

हा प्रश्न मला रोज विचारला जातो. आपल्या सोसायटीतला पाण्याचा पंप डोळ्यांपुढे आणा. गच्चीवरची टाकी गळू लागली तर पंप जास्त वेळ चालतो. प्रत्येक घरात नळाला पाणी येते, त्यामुळे कोणाचीच तक्रार नसते. पंप थकला आणि पाणी कमी येऊ लागले, की सगळे खाली धावतात.

आपल्या पोटातील स्वादुपिंडाचे असेच होते. पोटावर आणि यकृतात चरबी साठली, हालचाल कमी झाली, की शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते. मग तेवढ्याच साखरेसाठी स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन तयार करावे लागते. काही वर्षे ते निभावून नेते. पुढे ते थकू लागते आणि साखर थोडी थोडी चढते. बॉर्डरचा रिपोर्ट म्हणजे पंप थकू लागल्याची खूण. तहान, वारंवार लघवी, वजन घटणे ही लक्षणे बरीच नंतर येतात. हृदयविकाराचा धोका मात्र बॉर्डरवर असतानाच वाढू लागलेला असतो.

सडपातळ माणसांनीही गाफील राहू नये

‘मी तर बारीक आहे, मला कसला डायबेटिस?’ असे म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचे उदाहरण देतो. तेथील के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या शरीरातील चरबीचा अनेक वर्षे अभ्यास केला. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे व त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, म्हणजे बॉडी मास इंडेक्स २२.३. परंतु डॉ. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणून आपल्याकडे वजनकाट्याइतकीच शिंप्याची टेप महत्त्वाची. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० च्या आत असावी.

हे थोपवता येते का?

बऱ्याच जणांत येते. चेन्नईला डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉर्डरवरच्या ५३१ लोकांचा तीन वर्षे पाठपुरावा केला आणि २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना नेहमीचाच सल्ला दिला होता, त्यांच्यापैकी शंभरात ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्याकडून आहार आणि चालणे पाठपुरावा करून पाळून घेतले, त्यांच्यात हे प्रमाण शंभरात ३९ वर आले. त्यांची वजने फारशी उतरली नव्हती, तरीही हा फायदा झाला. मेटफॉर्मिनच्या गोळीनेही जवळपास तेवढाच फायदा दिसला.

म्हणजे सगळे वाचतात असे नाही, हे मी लपवत नाही. पण शंभरातले सोळा जण तीन वर्षांत वाचले, तेही रोजच्या अर्ध्या तासाच्या चालण्याने आणि ताटातल्या बदलाने. ही गोष्ट लहान नाही.

रिपोर्ट हाती आला की काय करावे?

पहिले, खात्री करून घ्यावी. गणेशोत्सवातल्या शिबिरात बोटाला सुई टोचून काढलेल्या आकड्यावर निदान करू नये. ताप, मोठे आजारपण किंवा स्टिरॉइडची औषधे चालू असताना साखर तात्पुरती वाढू शकते, तेही डॉक्टरांना सांगावे. चांगल्या प्रयोगशाळेत उपाशीपोटीची आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची, अशा दोन्ही तपासण्या कराव्यात. रक्त कमी असेल किंवा थॅलॅसेमिया मायनर असेल तर एचबीएवनसीचा आकडा फसवा येऊ शकतो. आमच्या मुलुंड-घाटकोपर भागात सिंधी, कच्छी, गुजराती कुटुंबांत थॅलॅसेमिया मायनर बऱ्यापैकी आढळतो, म्हणून मी त्या एकाच आकड्यावर विसंबत नाही.

दुसरे, रिपोर्ट डॉक्टरांना समक्ष दाखवावा. रक्तदाब, कंबर, कोलेस्टेरॉल पाहून घ्यावे. वजन जास्त असेल तर सध्याच्या वजनाच्या पाच ते सात टक्के उतरवण्याचे ठरवावे. म्हणजे ७५ किलोच्या माणसाने चार-पाच किलो. गोळी प्रत्येकाला लागत नाही. कोणाला द्यायची ते डॉक्टरांना ठरवू द्यावे. शेजाऱ्याची गोळी घेऊ नये, आणि कारल्याचा रस किंवा जांभळाच्या बियांची पूड घेतो म्हणून तपासणी टाळू नये.

तिसरे, खाणे आणि चालणे. दिवसाचे चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे चहातूनच आठ चमचे झाली. गूळ आणि मध यांनाही सूट नाही. भात सोडायला नको, पण वाटीने मोजून घ्यावा. ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबिरीचा, पाव भाग उसळ-डाळीचा, उरलेला पाव भाकरी-पोळी किंवा भाताचा. उपवासाला साबुदाण्याची खिचडी भरपेट खाणे हा उपवास नव्हे. आमच्या उपनगरातला नोकरदार सात वाजता स्टेशनबाहेर वडापाव खातो, घरापर्यंत शेअर रिक्षाने जातो आणि दहाला जेवून झोपतो. त्याने रिक्षा सोडली आणि लवकर जेवून वीस मिनिटे पाय मोकळे केले, तरी बराच फरक पडेल.

चौथे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे : पुढच्या तपासणीची तारीख. पहिली तीन ते सहा महिन्यांनी, त्यानंतर दरवर्षी. मधेच खूप तहान, वारंवार लघवी, अकारण वजन घटणे किंवा न भरणारी जखम असे काही दिसले, तर तारखेची वाट न पाहता लगेच जावे.

कोणी विशेष जपावे?

आई-वडिलांना किंवा भावंडांना मधुमेह असलेल्यांनी. तसेच गरोदरपणात साखर वाढलेल्या स्त्रियांनी. बाळंतपणानंतर साखर उतरते आणि सगळे निर्धास्त होतात. अशा स्त्रियांनी सहा ते बारा आठवड्यांनी ग्लुकोजची तपासणी आणि पुढेही दर एक ते तीन वर्षांनी तपासणी करावी. बाळाच्या लसी चुकत नाहीत, आईची तपासणी तेवढी राहून जाते.

खर्चाची अडचण असेल तर सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीस वर्षांवरील सर्वांसाठी मधुमेह व रक्तदाबाची प्राथमिक तपासणी होते. मुंबईत महापालिकेचे दवाखाने आहेत. त्यांचा लाभ घ्यावा.

त्या गृहस्थांचे औषध आता सुरू आहे. साखर उतरते आहे, पायांची आग थोडी कमी आहे, पण ती पूर्ण जाईल असे आश्वासन मी देऊ शकत नाही. दुसऱ्या भेटीला येताना त्यांना मी मुलालाही आणायला सांगितले. मुलगा एकतीस वर्षांचा, कंबर ९६. त्याची उपाशीपोटीची साखर १०८ आली. तो हसून म्हणाला, “म्हणजे बॉर्डरवरच आहे ना, डॉक्टर?”

“हो,” मी म्हणालो, आणि या वेळी सल्ल्याखाली तीन महिन्यांनंतरची तारीख लिहिली. तीच तारीख माझ्या वहीतही लिहून ठेवली आहे.

आपल्या कपाटातला रिपोर्ट आज काढून पाहा. त्यावर तारीख नसेल तर आपणच लिहा, आणि त्या दिवशी डॉक्टरांकडे जा.