उन्हातल्या आशाताई आणि त्वचेचा कर्करोग

वालूर (ता. सेलू) परिसरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तरी गावच्या आरोग्यसेविका असलेल्या आशाताईंच्या (आशा कार्यकर्त्यांच्या) गृहभेटी थांबत नाहीत. उन्हातल्या अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा अतिनील निर्देशांक ३ झाला की त्वचा जपावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मराठवाड्यातल्या उन्हाळी दुपारी तो ८च्याही वर जातो. लांब बाह्या, डोक्यावर रुमाल किंवा छत्री आणि शक्यतो सकाळच्या भेटी एवढे तरी त्यांना मिळायलाच हवे.

मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे सावळ्या लोकांना त्वचेचा कर्करोग कमी होतो. पण होतो, आणि अनेकदा ऊन न लागणाऱ्या जागी: तळपायावर, नखाखाली, भाजल्याच्या जुन्या व्रणात. धोतराच्या घट्ट गाठीखाली कमरेवर होणारा कर्करोग विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ साली नोंदवला. पुढे तो परकराच्या नाडीखालीही आढळला.

गावपातळीवरच्या सरकारी कर्करोग तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख येतात; त्वचा येत नाही. म्हणून ताईंची नजर मोलाची. महिनाभर न भरणारी जखम, रंग-आकार बदलणारा तीळ किंवा नखाखालची नवी काळी रेघ दिसली, तर लगेच डॉक्टरांना दाखवावी. स्वतःच्या अंगावर दिसली तरीही.