घरच्या डॉक्टरांची पाऊणशे वर्षं

सर जोसेफ भोर यांच्या समितीनं १९४६ साली अहवाल दिला, तेव्हा देशातले निम्म्याहून जास्त नोंदणीकृत डॉक्टर एमबीबीएस नव्हते. एलएमपी, एलसीपीएस अशा परवान्यांवर ते प्रॅक्टिस करत. समितीनं सांगितलं, हे परवाने बंद करा आणि सगळ्यांना एकच पदवी द्या. त्याच अहवालात आणखी एक मागणी होती. डॉक्टरनं आजार बरा करण्यावर थांबू नये, तो होऊ नये याचीही काळजी घ्यावी. पहिली सूचना अमलात आली. दुसरीचं वैद्यकीय महाविद्यालयांत ‘पीएसएम’ (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) झालं, म्हणजे ज्याच्या तासाला मुलं हमखास दांडी मारतात तो विषय.

जुन्या फॅमिली डॉक्टरांविषयी मराठी माणूस हळवा आहे. घरून बाटली न्यायची, कंपाउंडरनं तीत लाल मिक्श्चर भरायचं, डोसाच्या खाचा कापलेली कागदी पट्टी चिकटवायची. डॉक्टर रात्री व्हिजिटला येत. कोणाला दमा आहे, कोणाचा भाऊ हृदयविकारानं गेला, हे त्यांना तोंडपाठ असे. पण ते पाठच असे, कागदावर फार थोडं. डॉक्टर निवृत्त झाले की तीन पिढ्यांचा इतिहास दवाखान्याच्या कुलपाबरोबर बंद. आणि धडधाकट माणसाचा रक्तदाब मोजायची रीत तेव्हा नव्हतीच. आजारी पडल्याशिवाय दवाखान्यात जायचं कशाला?

आजार टाळण्याचं काम सरकारनं केलं, आणि ते दवाखान्याबाहेर झालं. देवी काढायला माणूस दारात येई. १९७५ मध्ये देशातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडला. १९७८ पासून लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम आला, १९९५ पासून पोलिओचे बूथ. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. एवढ्या मोठ्या यशात गल्लीतल्या डॉक्टरांचा वाटा मात्र जेमतेमच होता.

अपवाद होते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं. फारसं न शिकलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केलं आणि उपचार व प्रतिबंध एकाच हाती दिले. त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरातून लोक पाहायला आले. पुण्या-मुंबईच्या दवाखान्यांत फरक पडला नाही.

पुढच्या दोन दशकांत चित्र पालटलं. विनाअनुदान महाविद्यालयं निघाली, स्पेशालिस्ट वाढले, जनरल प्रॅक्टिस हा हुशार मुलांचा पहिला पर्याय राहिला नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. रुग्णाला दाद मागायची जागा मिळाली, हे योग्यच झालं. पण त्यानंतर ‘कशाला धोका पत्करा’ म्हणून स्पेशालिस्टकडे चिठ्ठी आणि चाचण्या लिहून देण्याकडे कल वाढला, असं जुने डॉक्टर सांगतात.

या सगळ्या काळातली सर्वांत मोलाची गोष्ट उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचं धाराशिव) घडली, आणि तिची चर्चा मराठीत फारशी झाली नाही. टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय यांनी आंतरराष्ट्रीय संशोधकांबरोबर १९९९ पासून तिथल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली चाचणी आणि पुढचे उपचार एवढ्यानं, ही चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. मुंबईच्या वस्त्यांत टाटाच्याच दुसऱ्या प्रयोगात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी साध्या व्हिनेगरच्या तपासणीवर काम भागवलं. तिथंही मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. एवढा पुरावा घरात असून २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात काय दिसलं? देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे जेमतेम दोघींनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीतरी केली होती. दर वर्षी ज्या दवाखान्यात त्या मुलांचा खोकला दाखवायला जातात, तिथं त्यांना कोणी हे विचारलंच नसावं.

रिकामी जागा बाजारानं भरली. २०१२ मध्ये प्रतिबंधात्मक तपासणीच्या ५,००० रुपयांपर्यंतच्या खर्चावर प्राप्तिकरात वजावट मिळू लागली आणि ‘फुल बॉडी चेकअप’ची पॅकेजं घरोघर पोचली. सरसकट अशा तपासण्यांनी मृत्यू कमी होतात का, हे कोक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात जवळपास अडीच लाख लोकांवरच्या प्रयोगांतून पाहिलं गेलं. फारसा फायदा आढळला नाही. साठ-सत्तर आकड्यांचा रिपोर्ट हातात पडतो, दोन आकडे लाल असतात, आणि ते कोणाला दाखवायचे हेच ठाऊक नसतं.

नॉर्वेतून आलेले आकडे उलट दिशेचे आहेत. तिथं एकाच डॉक्टरकडे १५ वर्षांहून जास्त काळ जाणाऱ्यांत, वर्षभरच ओळख असलेल्यांच्या तुलनेत, मृत्यूचं प्रमाण सुमारे २५ टक्के कमी दिसलं. यानं कार्यकारण सिद्ध होत नाही, पण ओळखीच्या डॉक्टरला काहीतरी किंमत आहे एवढं नक्की. कोविडमध्ये ती कळली. २०२० च्या एप्रिलमध्ये धारावीत खासगी डॉक्टर घरोघर तपासायला उतरले, फोनवरच्या सल्ल्यालाही त्याच सुमारास अधिकृत नियम मिळाले. पण अनेक घरांना तेव्हा जाणवलं की फोन करावा असा आपला एक डॉक्टरच नाही.

आता आपल्या डॉक्टरची निवड करायची झाली तर नावापुढच्या पदव्यांची लांबी बघून करू नये. नोंदणी आहे का, ते महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे पाहता येतं. त्यापुढची परीक्षा सोपी आहे: डॉक्टर आपली फाइल ठेवतात का, सर्दीसाठी गेलो तरी न सांगता रक्तदाब बघतात का, आणि ‘ही टेस्ट नको’ असं कधी म्हणतात का? रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी ३० वर्षांवरच्या लोकांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत आहे. ती करून घ्या आणि तो कागद आपल्या डॉक्टरांच्या फायलीत लावायला सांगा. फाइलच नाही असं ते म्हणाले, तर दुसरा दवाखाना शोधा.