कुंडीतला कांदा आणि धनुर्वाताचे इंजेक्शन

कांदा महागला की माझ्या दवाखान्यात दोन प्रकारची माणसे येतात. एक, सरकारच्या नावाने बोटे मोडणारी. आणि दुसरी, घरीच कांदा लावायचा असे ठरवून तेलाचा डबा कापता कापता हात कापून घेणारी. पहिल्या प्रकारावर माझ्याकडे औषध नाही. दुसऱ्यांसाठी आजचा लेख.

चार वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत साठी ओलांडलेले एक निवृत्त गृहस्थ आले. तक्रार काय, तर दाढ दुखते आणि तोंड नीट उघडत नाही. दातांच्या डॉक्टरांना दाखवून झाले होते, दाढेत काही सापडले नव्हते. घसा पाहावा म्हणून मी लाकडी पट्टी तोंडात घातली. ती घशाला लागताच एरवी माणसाला उमासा येतो आणि तोंड उघडते. यांचा जबडा उलट घट्ट मिटला आणि पट्टी दातांखाली अडकली. माझ्या पोटात गोळा आला. हात पाहिले, तर उजव्या अंगठ्याशी एक बारीक खपली होती.

"अहो, ते काही नाही. दहा दिवसांपूर्वी गच्चीवर डबे कापून कांद्याची रोपे लावली, तेव्हा पत्रा लागला. हळद दाबली, बरे झाले."

"इंजेक्शन घेतले होते?"

"पत्रा गंजलेला नव्हता हो डॉक्टर, नवाकोरा डबा होता."

त्याच दिवशी त्यांना जिल्ह्याच्या गावी हलवले. अंधाऱ्या खोलीत, श्वासाच्या यंत्रावर, दीड महिना ते गृहस्थ होते. वाचले, हे त्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे नशीब. सगळेच वाचत नाहीत.

गंजाचा आणि धनुर्वाताचा संबंध लोकांच्या मनात पक्का बसला आहे, पण तो खरा नाही. धनुर्वाताच्या जंतूंची बीजे मातीत, धुळीत आणि जनावरांच्या शेणात असतात, आणि तेथे ती वर्षानुवर्षे जिवंत राहतात. गंजका खिळा धोकादायक ठरतो तो मातीत पडलेला असतो म्हणून. जखम लहान तोंडाची आणि खोल असली की आत हवा पोचत नाही, आणि या जंतूला नेमके तेच हवे असते. तो तेथे विष तयार करतो, ते मज्जातंतूंतून वर चढते, आणि बहुधा सर्वांत आधी जबडा धरतो. जखमेनंतर ३ ते २१ दिवसांत हे होते, म्हणजे जखम विसरल्यावर! कुंडी भरताना आपण काय करतो? माती आणि शेणखत हातांनी कालवतो. पत्रा, काटा किंवा फुटक्या कुंडीची खापरी जवळच असते.

या वयाच्या पुरुषांचा विशेष प्रश्न आहे. लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम आपल्या देशात १९७८ साली सुरू झाला. त्याआधी जन्मलेल्या बायकांना निदान बाळंतपणात इंजेक्शने मिळाली. पुरुषांपैकी पुष्कळांना 'कधीतरी पडलो होतो तेव्हा एक घेतले होते' एवढेच आठवते. एका इंजेक्शनाने काम होत नाही. ज्याने पूर्वी घेतलेलेच नाही किंवा ज्याला आठवत नाही, त्याने तीन घ्यावीत : पहिले आज, दुसरे महिन्याने, तिसरे त्यानंतर सहा महिन्यांनी. मग दर १० वर्षांनी एक. पूर्वीच्या टी.टी.च्या जागी आता टी.डी. मिळते, तिच्यात घटसर्पाचीही लस असते. जखम झालीच, तर आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने चांगली धुवावी. हळद, चुना, शेण, तंबाखू यांतले काही भरू नये. पूर्वीचे डोस अपुरे असतील आणि जखम मळलेली असेल, तर लसीबरोबर आणखी एक वेगळे इंजेक्शन लागते, म्हणून दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.

एवढे झाले की खुशाल कांदा लावा. मी स्वतः लावतो.

फक्त हिशेब आधी समजून घ्यावा. दोन फूट लांब, दीड फूट रुंद अशा टबात १५ सेंटिमीटरवर ओळी आणि ओळीत १० सेंटिमीटरवर रोपे लावली, तर १८ रोपे बसतात. सगळी पोसली तरी चार महिन्यांच्या सेवेनंतर हाती येतो सव्वा किलो कांदा. तेव्हा कांद्याच्या भावावर हा उपाय नव्हे. पातीचे मात्र तसे नाही. घरात मोड आलेले कांदे असतात, तेच मातीत अर्धे दाबून ठेवावेत. तीन-चार आठवड्यांत पात कापायला येते आणि पुन्हा एक-दोनदा फुटते. अशा कांद्याला नवा भरीव कांदा धरेल ही आशा मात्र करू नये. तो फुटतो आणि डेंगळ्यावर जातो.

कांदाच हवा असेल, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात बी टाकून डिसेंबर-जानेवारीत रोपे लावावीत, किंवा आठवडी बाजारातून तयार रोप आणावे. उन्हाळी हंगामाला एन-२-४-१ किंवा राजगुरुनगरच्या संशोधन केंद्राची भीमा शक्ती चांगली. मुळे वरच्या वीतभर मातीतच असतात, त्यामुळे खोल कुंडी लागत नाही. पण तळाला भोके आणि दिवसाचे सहा तास ऊन हवेच. उन्हाविना नुसती पात माजते आणि मान जाड राहते. माना पडू लागल्या की काढणी जवळ आली. काढण्याआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडावे, आणि काढलेला कांदा पातीसकट सावलीत सुकवावा.

अंगण असेल तर गादीवाफा उत्तम. रुंदी मीटरभर ठेवावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचतो. गुडघेदुखीच्या रुग्णांना मी विटा रचून दोन-अडीच फूट उंच वाफा करायला सांगतो. स्टुलावर बसून काम होते. गच्चीवर असा वाफा करण्याआधी मात्र बांधकाम जाणणाऱ्याला विचारावे. भिजलेली माती घनफुटाला ४५ किलोच्या आसपास भरते. आणि मधुमेह असलेल्यांनी अनवाणी वाफ्यात उतरू नये. पायाला काटा रुतलेला त्यांना कळत नाही.

डब्याविषयी दोन शब्द. शेतातल्या कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी कुंडी म्हणून वापरू नका; प्लॅस्टिकमध्ये औषध मुरलेले असते, आणि धुताना ते हातावर येते ते वेगळेच. रंगाचे जुने डबेही नकोत. कांद्यावर फुलकिडे येतात, पात पांढुरकी पडते, तेव्हा शेतावरून 'थोडेसे औषध' शीतपेयाच्या बाटलीतून घरी आणण्याचा मोह होतो. त्या बाटलीतून पोराने घोट घेतल्यावर काय होते ते मी पाहिले आहे, येथे लिहीत नाही. अठरा रोपांना पाण्याची जोरकस धार आणि निंबोळी अर्क पुरे.

कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचते. डेंग्यूच्या डासाला तेवढे पुष्कळ होते. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा ताटली रिकामी करून घासावी. नुसते ओतून भागत नाही, कारण अंडी कडेला चिकटून कोरडीच महिनोन्महिने टिकतात.

खाण्याविषयी : पातीत क जीवनसत्त्व आणि अ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य चांगले असते. पात घरची असली तरी कच्ची खाताना धुवावी. मांजरे कुंडीत काय करतात ते सर्वांना माहीत आहे, आणि गरोदर बाईला ते विशेष बाधते. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी एकदम जुडीच्या जुडी खाऊ नये, कारण पातीतले के जीवनसत्त्व त्या गोळीच्या विरुद्ध काम करते. ज्यांना कांद्याने पोट फुगते, त्यांचे ते दुखणे खरे असते. घरच्यांनी 'नखरे' म्हणू नये. आणि खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागायचे टळत नाही. सावली आणि पाणी यांनी टळते.

ते निवृत्त गृहस्थ घरी परतल्यावर मी त्यांना लस सुरू केली. धनुर्वात एकदा होऊन गेला तरी त्यापासून पुढचे संरक्षण मिळत नाही, हे ऐकून त्यांना फार आश्चर्य वाटले. तिसऱ्या डोसाला आले तेव्हा पिशवीत पातीची जुडी होती. डब्यांच्या कडा पकडीने दुमडून ठोकल्या आहेत, असे त्यांनी मुद्दाम सांगितले. आमच्या घरी त्या पातीची पीठ पेरून भाजी केली. जरा उग्र होती, पण चांगली झाली.