तीन लाख वेळा निळा

परीक्षानळीत प्रथिनाचं द्रावण घ्यायचं. त्यात धुण्याचा सोडा, कॉस्टिक आणि किंचित मोरचूद असलेलं मिश्रण घालून दहा मिनिटं थांबायचं. मग फोलिनचं पिवळं रसायन टाकायचं आणि नळी लगेच हलवायची. अगदी लगेच, कारण अल्कलीत हे रसायन फार वेळ तग धरत नाही. हात रेंगाळला की उत्तर चुकतं. अर्ध्या तासात नळीत निळा रंग चढतो. प्रथिन जितकं जास्त, तितका तो गडद. आपल्याकडे बायोकेमिस्ट्री शिकलेल्या असंख्य मुलामुलींनी प्रॅक्टिकलच्या वहीत ‘लाउरी मेथड’ असं शीर्षक घालून याचा आलेख काढलेला आहे आणि पुढच्या प्रयोगाच्या गडबडीत तो विसरूनही गेलेली आहेत.

ही कृती ज्या शोधनिबंधात छापली गेली, तो विज्ञानाच्या इतिहासात सगळ्यात जास्त वेळा उल्लेखला गेलेला निबंध आहे!

अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ऑलिव्हर लाउरी औषधशास्त्र विभागाचे प्रमुख होते. त्यांनी आणि तीन सहकाऱ्यांनी १९५१ साली ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’त हा निबंध दिला. ‘नेचर’ने २०१४ मध्ये सर्वाधिक उल्लेखांच्या शंभर निबंधांची यादी केली, तेव्हा याच्या खात्यावर तीन लाखांहून जास्त उल्लेख जमा होते. दुसरा क्रमांक लेम्ली यांच्या १९७० च्या निबंधाचा, तिसरा ब्रॅडफर्ड यांच्या १९७६ च्या. लेम्लींची रीत प्रथिनं जेलमध्ये वेगळी करण्याची, तर ब्रॅडफर्डांची पुन्हा प्रथिन मोजण्याचीच, पण जास्त सुटसुटीत. आणि डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा, वॉटसन-क्रिक यांचा १९५३ चा तो जगप्रसिद्ध निबंध? पहिल्या शंभरात नाही.

हे वाचून आधी चक्रावायला होतं, मग कारण लक्षात येतं. यकृताचा अभ्यास असो, गव्हाच्या पानाचा किंवा एखाद्या जिवाणूचा. एन्झाइम किती जोरात काम करतं हे सांगायचं तर ‘दर मिलिग्रॅम प्रथिनामागे’ असं सांगावं लागतं. म्हणजे आधी प्रथिन मोजणं आलं. मग ‘कार्यपद्धती’ या भागात एक ओळ: प्रथिन लाउरींच्या पद्धतीने मोजलं. त्या ओळीसरशी उल्लेख एकाने वाढला. डीएनएचं उलटं झालं. ती रचना पाठ्यपुस्तकात गेली, सर्वांच्या मालकीची झाली, आणि मूळ निबंधाचा हवाला देण्याची गरजच कुणाला उरली नाही. शोध फार मोठा झाला की त्याच्या उल्लेखांना अशी ओहोटी लागते, हे मला या सगळ्या हिशेबातलं सर्वांत मजेशीर गणित वाटतं. आपला निबंध काही थोर नव्हे, हे लाउरींना स्वतःला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याला मिळालेल्या प्रतिसादाची मनातून गंमत वाटते, अशी कबुली त्यांनी दिली होती.

पण हे मोजतं कोण? उल्लेखांची सूची ठेवण्याची कल्पना विज्ञानातली नाहीच, ती वकिलांकडून आली. कुठल्या जुन्या निकालाचा आधार पुढच्या कोणत्या निकालांत घेतला गेला, याची सूची अमेरिकेत फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ पासून चालवली होती. तीच युक्ती शोधनिबंधांना लावता येईल, असं यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’मध्ये लिहिलं. त्यांची पहिली सूची निघाली ती ६१३ नियतकालिकांतल्या सुमारे १४ लाख उल्लेखांची, छापील जाडजूड खंडांत. निबंध कशावर उभा आहे हे त्याच्या शेवटच्या पानावर दिसतंच. त्याच्यावर पुढे काय उभं राहिलं, हे या खंडांतून पहिल्यांदा दिसू लागलं. पुढे गूगलने वेबपानांची प्रतवारी लावताना हाच विचार वापरला.

गारफील्डना हवं होतं शोधाचं साधन. लोकांनी त्याची गुणपत्रिका केली. २००५ मध्ये होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-निर्देशांक सुचवला: तुमच्या चाळीस निबंधांना प्रत्येकी किमान चाळीस उल्लेख असतील तर तुमचा निर्देशांक ४०. सोपं, नेटकं, नेमणूक समितीला सोयीचं. आता लाउरींचा तो एकच निबंध यात घालून पाहा. तीन लाख उल्लेख असोत की तीनशे, निर्देशांकात त्याची भर फार तर एकाची. दुसरं काही न लिहिता एखादा संशोधक फक्त तेवढा एक निबंध लिहून थांबला असता, तर त्याचा एच-निर्देशांक आजही १ असता.

आता पुन्हा त्या परीक्षानळीकडे. लाउरींचा निळा रंग आणणाऱ्या रसायनाला नाव मिळालं ते हार्वर्डच्या ऑटो फोलिन यांचं. त्यांच्याच विभागात आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव हे सहकारी फिस्के यांच्याबरोबर काम करत होते. १९२५ मध्ये दोघांनी शरीरातलं फॉस्फरस मोजण्याची रीत दिली. तीही रंगाचीच, आणि रंगही निळाच, मॉलिब्डेनमचा. फिस्के-सुब्बाराव पद्धतीचा उल्लेख पुढे हजारो निबंधांत होत राहिला. १९४० मध्ये सुब्बाराव लेडर्ले या औषध कंपनीत गेले. तिथे त्यांच्या देखरेखीखाली फॉलिक आम्लावर आणि त्याला शह देणाऱ्या कर्करोगविरोधी औषधांवर काम झालं, आणि हत्तीरोगावरचं डायइथिलकार्बामॅझीनही तिथेच घडलं. १९४८ मध्ये, पन्नाशी नुकती ओलांडलेली असताना, ते गेले.

हे डायइथिलकार्बामॅझीन म्हणजे आपल्याकडची डीईसीची गोळी. गडचिरोली-चंद्रपूरकडे हत्तीरोगाच्या मोहिमेत ती घरोघर वाटली गेली. मोहिमेचा नियम असा की गोळी हातात देऊन निघायचं नाही, समोरच गिळायला लावायची: वयाप्रमाणे लहानग्यांना एक, शाळकरी मुलांना दोन, मोठ्यांना तीन. त्या गोळ्यांचा हिशेब आरोग्य खात्याच्या रजिस्टरात सापडेल. सुब्बारावांच्या उल्लेखांत त्यातली एकही धरलेली नाही.